हे वाचायचं कुणी?

९ फेब्रुवारी, रविवार

दूध संघातून निवृत्त होताना लॅबच्या मंडळींनी शाल, नारळ आणि ही डायरी दिली. आठ महिने तिच्यात फक्त माझं ब्लडप्रेशर लिहिलं. आज पहिल्यांदा ब्लडप्रेशर वाढवणारी गोष्ट लिहितो आहे.

अनूला हातावर टॅटू काढायचा आहे.

सकाळी पोहे खाताना तिने सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं. डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, मनगटाच्या चार बोटं वर, स्वच्छ मराठीत, तिला मधुमेह आहे आणि ती इन्सुलिनवर आहे असं कायमचं लिहून घ्यायचं. लॉकेट करून झालं, पण ते फाउंड्रीत मशिनजवळ जाताना काढावं लागतं. मनगटातला पट्टा दोनदा तुटला. पर्समधलं कार्ड कुणी बघत नाही. अनू शिरोलीला एका फाउंड्रीत साच्यांची ड्रॉइंग करते, सव्वीस वर्षांची आहे, आपलं आपण कमावते. तिला नाही म्हणण्याची सोय राहिलेली नाही.

हे सगळं निघालं ते कबनूरच्या प्रकारातून. तीन आठवड्यांपूर्वी माझी थोरली बहीण तानाक्का हिच्या नातीच्या हळदीला अनू एकटीच पुढे गेली होती. जेवण वाढणार म्हणून तिने इन्सुलिन घेतलं आणि पंगत तासभर लांबली. साखर उतरली, घाम फुटला, पोरगी काहीबाही बोलायला लागली आणि मांडवातच आडवी झाली. कुणी कांदा फोडून नाकाला लावला, कुणी चप्पल. मला फोन आला तसं मी ताबडतोब सांगितलं, दवाखान्यात न्या. इचलकरंजीत ग्लुकोज चढवल्यावर ती शुद्धीवर आली. आणखी उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं, असं तिथले डॉक्टर म्हणाले. मी वेळेवर निर्णय घेतला हे बरं झालं.

मी अनूला म्हणालो, सुई, शाई, रक्त, त्यात तुझी साखर. जखम चिघळली म्हणजे काय करायचं? ती म्हणाली, "म्हणून तर जागा तुम्ही शोधायची, पप्पा. घाण शोधण्यात तुमचा हात धरणारा जिल्ह्यात न्हाय."

पोरीने मला बरोबर पकडलं. रागवायचं होतं, ते राहूनच गेलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

अनूचे डॉक्टर अभिराम यांना भेटलो. वाटलं होतं, ते साफ नाही म्हणतील आणि माझं काम हलकं होईल. पण ते म्हणाले, तीन महिन्यांची सरासरी साखर आटोक्यात असेल, जागा स्वच्छ असेल तर हरकत नाही. उलट कल्पना चांगली आहे. काय बघायचं तेही सांगितलं. सुई सीलबंद हवी, आपल्यासमोर फोडायची आणि काम झालं की टाकून द्यायची. शाई बाटलीतून थेट नाही, छोट्या टोपणात ओतून घ्यायची आणि उरलेली फेकायची. परत वापरायची वस्तू असेल तर ती ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे वाफेच्या दाबाच्या भांड्यातून, काढलेली हवी.

हे मला नवं नाही. सॅम्पलच्या बाटल्या मी एकतीस वर्षं तसल्याच भांड्यातून काढल्या. निघताना डॉक्टर म्हणाले, हातावर काहीही लिहा, पण घरातल्या आणि नात्यातल्या सगळ्यांना माहीत असणं सर्वांत महत्त्वाचं. मी मान डोलावली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

दोन दुकानं बघितली. पहिलं स्टँडजवळ. मालकाने गळ्यापर्यंत चित्रं काढून घेतली आहेत. मी सुया दाखवा म्हणालो, तर एका वाटीत उघड्याच पडलेल्या. नव्याच आहेत, सकाळीच फोडल्या, म्हणाला. सकाळी फोडलेली दुधाची पिशवी संध्याकाळपर्यंत ताजी राहत नाही हे मी त्याला सांगत होतो, तोवर त्याने हातमोजे घातलेल्या हाताने मोबाइल घेतला, बोलला, आणि त्याच हाताने पुन्हा गिऱ्हाइकाच्या दंडाला हात लावला. मी चप्पल घातली.

दुसरं एकदम पॉश. एसी, आरसे, भिंतीवर सर्टिफिकेटं. ऑटोक्लेव्ह आहे का विचारलं, तर हे काय, म्हणून कोपऱ्यात दाखवला. होता खरा. वर फुलदाणी ठेवलेली, आणि वायरीला कंपनीने गुंडाळलेली तार अजून तशीच. ते भांडं एकदाही प्लगला लागलेलं नव्हतं. मी फुलदाणीचं कौतुक करून बाहेर आलो.

घरी येऊन दोन्ही ठिकाणं बाद, असं अनूला सांगताना मला जरा जास्तच बरं वाटलं. सौ. माझ्याकडे बघत राहिली.

१६ फेब्रुवारी, रविवार

तानाक्का कबनूरहून आली होती, अनूला बघायला. येताना लेकाच्या यंत्रमागावरची एक चादर घेऊन आली. सत्तरीची झाली, पण एस.टी.ने एकटी येते. चहात साखर नको म्हणाली. वय झालं आता, म्हणे. लहानपणी डब्यातला गूळ चोरून मला अर्धा देणारी ही बाई, आता जिभेवर असा ताबा. खरंच कौतुक वाटलं. चैत्रात ज्योतिबाचा डोंगर अनवाणी चढणार आहे म्हणाली. कशासाठी, ते काही बोलली नाही.

तिने अनूच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मला विचारलं, नवस कधी फिटतोय पोरीचा? मी म्हणालो, बघू.

नवसाचं इथे लिहून ठेवतो, नाहीतर पुढे माझ्याच लक्षात राहणार नाही कुणाला काय सांगितलं ते. अनूचं लग्नाचं बघायला लागलो, तेव्हापासून नात्यात आम्ही सांगितलं आहे की तिने ज्योतिबाला नवस बोलून गोड सोडलं आहे. लोक ताटात जिलबी वाढतात, आग्रह करतात, का नको म्हणून विचारतात. मधुमेह म्हटलं की स्थळं उंबऱ्यावरूनच परत जातील. नवस म्हटलं की उलट मान मिळतो. कुणाच्या नुकसानीचं खोटं नाही.

कबनूरला कुणीतरी सरबत आणलं होतं म्हणे. अक्कानेच अडवलं, तिचा नवस आहे, गोड तोंडाला लावू नका म्हणून. माणूस आडवं झाल्यावर नवस बघायचा असतो का? पण अक्काला कोण सांगणार. शाळेत चार यत्ता गेलेली बाई.

तिच्या हातावर माझं नाव आहे. मी जन्मलो तेव्हा अक्का अकरा वर्षांची होती. चार बहिणींवर मुलगा झाला म्हणून जत्रेत गोंदवणारीपुढे हात धरून बसली आणि 'बाळु' अशी अक्षरं काढून घेतली. आता कातडीला सुरकुत्या पडल्या, पण निळं अजून वाचता येतं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

अनूच्या कंपनीतल्या एकीने पन्हाळ्यावर टॅटू काढून घेतला होता, म्हणून तिकडे गेलो. गडावर एका झाडाखाली बॅटरीवर मशीन चालवणारा माणूस. सुई पेल्यातल्या डेटॉलच्या पाण्यात बुचकळून पुढच्याला. पेल्यातलं पाणी गुलाबी झालेलं. मी तिथेच दोन पर्यटकांना समजावून परत पाठवलं, मग मशीनवाल्याने मला.

मनातल्या मनात म्हणतो आहे, आणखी दोन-चार ठिकाणं अशीच निघाली तर अनू आपोआप नाद सोडेल. जयसिंगपूरचं स्थळ सोळा मार्चला बघायला येणार आहे. मुलगा उदयसिंह, पाटबंधारे खात्यात. तोवर वेळ निघाला तर बरं.

अर्थात मुख्य काळजी जंतूंची.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आज मंगळवार पेठेत गेलो आणि माझी पंचाईत झाली.

खाली सायकल दुरुस्तीचं दुकान, बाजूने लोखंडी जिना. वर पाटी लहानशी. दारातच लिहिलेलं की चप्पल बाहेर, अठराच्या आतल्यांनी परत जावं, पिऊन आलेल्यांनीही. आत एक बाई एका माणसाच्या दंडावर काम करत होती. पस्तिशीची, केस कानापर्यंत कापलेले, नखं मुळापासून काढलेली. नाव क्रांती. मान वर न करता म्हणाली, "बसा पावणं. हातात मोजं हाईत, दार लावून घ्या तुमचं तुम्हीच."

मी तासभर बसलो. तिने मध्ये चष्मा सारखा करायला हात उचलला आणि थांबली. मोजे काढले, फेकले, चष्मा नीट केला, हात धुतले, नवे मोजे घातले. एका चष्म्यासाठी. मशीनला आणि त्याच्या वायरीला प्लास्टिकची पिशवी चढवलेली. काम संपल्यावर शाईची टोपणं शाईसकट डब्यात, सुई वेगळ्या टणक डब्यात. नंतर दोन तालमीतली पोरं आली, तालमीचं नाव छातीवर काढायचं म्हणून. तिने लांबूनच वास घेतला. "पिलेल्या माणसाला मी हात लावत न्हाय. उद्या या, जेवून या," म्हणाली आणि दार दाखवलं. ती पोरं दांडगी होती, पण मुकाट जिना उतरली.

ऑटोक्लेव्ह विचारला. गरम होता. प्रत्येक पुडीवर पट्टी, वाफ नीट लागली की काळी पडणारी. रजिस्टर दाखवलं. त्यात गिऱ्हाइकाच्या नावापुढे त्या दिवशी फोडलेल्या सुईच्या पाकिटाचा नंबर चिकटवलेला. मी आमच्या सॅम्पल रजिस्टरला एवढा जपलो नसेन.

मग मी माझी शेवटची अट काढली. लॅबमधून कापसाच्या निर्जंतुक काड्या आणल्या होत्या. म्हटलं, तुमच्या टेबलावर काडी फिरवून जंतू तपासायला नेऊ का? स्टँडवाला यावर हसला असता. ही म्हणाली, "न्या की. माझ्यासमोर घ्या, आन् रिपोर्ट मलाबी द्या. मला कोण तपासतंय हितं?"

तिची आजी जत्रांतून गोंदायची. एका सुईने सगळी जत्रा. "आजीच्या हाताला मी हात जोडतो," क्रांती म्हणाली, "पर सुई तिची घेत न्हाय." इकडच्या बायका करतो, जातो म्हणतात तसंच ती बोलते, आणि तिला ते शोभतं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

लॅबमध्ये माझ्या हाताखाली होता तो केरबा, त्याने त्या काड्यांवरचे जंतू वाढवून बघायला प्लेटा लावल्या होत्या. आज फोन आला. क्रांतीचं टेबल, खुर्चीचा हात, मशीन, सगळं स्वच्छ. फक्त वरच्या दिव्याच्या दांडीवर जंतूंची वाढ सापडली. तुलनेसाठी मी माझ्या चष्म्याच्या घरावरूनही एक काडी फिरवली होती. केरबा म्हणाला, साहेब, ते घर तेवढं फेकून द्या.

रिपोर्ट घेऊन गेलो. दिव्याची दांडी वाचून ती काही सबबी सांगत बसली नाही. उठली, दांडी पुसली, तिला प्लास्टिक गुंडाळलं आणि भिंतीवरच्या कामांच्या कागदात 'दिवा' असं लिहिलं. एकतीस वर्षांत गावोगावच्या दूध संस्थांचे किती सेक्रेटरी पाहिले. कॅन घाण निघाला की आधी माझ्याशी भांडण, मग कॅन धुणं. ही बाई माझ्या लॅबमध्ये असती तर मी वेळेआधी निवृत्ती घेऊन तिला खुर्ची दिली असती.

मी तिला निळ्याची परीक्षा सांगितली. दुधात निळा रंग टाकून ठेवायचा. दुधात जंतू जितके जास्त, तितकं निळं लवकर उडतं. जितका वेळ टिकेल तितकं दूध चांगलं. तिला एवढं आवडलं की दोनदा विचारून घेतलं.

तर जागा मिळाली. अनूला सांगितलं, तिने मला चक्क नमस्कार केला. सौ. म्हणाली, आता तरी तोंड उघडाल? कशाबद्दल म्हणाली, कळलं नाही.

४ मार्च, मंगळवार

अनूला घेऊन गेलो. क्रांतीने आधी डॉक्टरांचं पत्र मागितलं, मग तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट, मग अनूला विचारलं, जखम भरायला किती दिवस लागतात, आधी कधी चिघळली होती का. डॉक्टर अभिराम यांच्याशी स्वतः फोनवर बोलली. मी बाजूला बसून ऐकत होतो आणि माझा ऊर भरून येत होता.

मग अक्षरांचा विषय निघाला. डॉक्टरांनी मजकूर तीन ओळींत बसवून दिला आहे, कारण बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालायचं नसतं. अनूने कागद पुढे ठेवला.

टाइप १ मधुमेह, इन्सुलिन.
शुद्धीत असेन तर साखर द्या.
नसेन तर दवाखान्यात न्या.

मी माझी सूचना मांडली. दंडावर, बाहीच्या आत काढावं. आणि एवढं लांबलचक कशाला, टी वन डी अशी तीन इंग्रजी अक्षरं पुरेत. छोटं, सुबक, कुणाच्या डोळ्यावर येणार नाही.

क्रांतीने कागद खाली ठेवला. "हे वाचायचं कुणी?"

डॉक्टर वाचतील, मी म्हणालो.

"डॉक्टरपतूर न्हेणार कोण? रस्त्यात पडली तर पैल्यांदा येणार भाजीवाली, न्हायतर रिक्षावाला. त्यास्नी वाचाय यायला पायजे. आन् पोरीची बाही वर करून बघणार कोण?"

मी पावसाळ्यात जखमा उशिरा भरतात असं काहीतरी बोललो, आणि आता तर मार्च आहे. शनिवार ठरला. लोखंडी जिना उतरताना अनू पुढे होती. खालच्या पायरीवर थांबली आणि मागे न बघता म्हणाली, "कबनूरला फोन स्पीकरवर होता, पप्पा. मला बोलता येत न्हवतं, पण ऐकू येत होतं."



५ मार्च, बुधवार

ही वही दुसरं कुणी वाचत नाही. तरी हे लिहायला सकाळपासून तीनदा बसलो आणि उठलो.

अक्काच्या सुनेने फोन स्पीकरवर टाकला होता. मागे मांडवाचा गलका होता आणि त्या गलक्यात जयसिंगपूरच्या मुलाचे मामा होते, हे मला ठाऊक होतं. मीच त्यांना हळदीला या म्हणून आग्रह केला होता, मुलगी सहज बघून होईल म्हणून. सून म्हणत होती, अनूला घाम आलाय, थरथरतीय. मला त्या क्षणी कळलं होतं काय झालं ते. तोंडात साखर घाला, एवढे तीन शब्द होते. मी म्हणालो, दवाखान्यात न्या.

तेव्हा तिला अजून गिळता येत होतं. आज मी तिला विचारलं, तिने सांगितलं. सरबताचा पेला ओठांपासून एक हात लांब होता. गाडी मिळून दवाखान्यात पोचेपर्यंत पस्तीस मिनिटं गेली. आणि मी या वहीत लिहिलं, वेळेवर निर्णय घेतला. मागचं पान खोडावंसं वाटलं, पण खोडत नाही. राहू दे तसंच.

दुधात पाणी घालून वर साळसूद चेहरा करून येणाऱ्यांना मी एकतीस वर्षं परत पाठवलं. घरात मी काय केलं? मुलीच्या अंगात काय आहे ते सांगायची लाज वाटली. जंतूंची काळजी खरी होती, पण तिच्या आडून मी दुसऱ्याच गोष्टीला भीत होतो. सौ.ला हे सगळं कधीचं दिसत होतं.

दुपारी जयसिंगपूरला फोन केला. सगळं सांगितलं. पलीकडून म्हणाले, कळवतो. आवाजावरून समजलं. फोन ठेवल्यावर वाटलं होतं तेवढं वाईट वाटलं नाही. अनूला सांगितलं, तर ती हसली आणि म्हणाली की आता सोळा तारखेला साडी नेसायला नको.

८ मार्च, शनिवार

काम झालं नाही. क्रांतीने आधी साखर तपासायला लावली. दोनशे अडुसष्ट निघाली; उत्साहात रात्री नीट झोप नाही, सकाळी डोस मागेपुढे झाला. अनू म्हणाली, मला काही होत नाही, करून टाका. पुढचं गिऱ्हाईक नव्हतं, म्हणजे क्रांतीची सगळी दुपार रिकामी जाणार होती. तरी म्हणाली, "आज न्हाय. हात माझा हाय, पर कातडं तुझं हाय. बुधवारी ये."

अनू चिडली. मी मात्र जिना उतरताना मनोमन त्या बाईला हात जोडले. नाही म्हणता येणं हीच खरी परीक्षा. दुधाच्या धंद्यात ते भल्याभल्यांना जमत नाही.

१२ मार्च, बुधवार

झालं.

साखर एकशे बत्तीस. क्रांतीने हात साबणाने धुऊन घेतला, नवं पातं फोडून लव काढली, निळ्या रेघांचा छाप अनूच्या हातावर उमटवला. मग सुईचं पाकीट न फोडता माझ्याकडे वळली. तिचा एक नियम आहे. अक्षरं काढायची असतील तर बरोबर आलेल्या माणसाने छाप मोठ्याने वाचायचा. चूक राहिली तर ती आत्ताच पुसता येते, नंतर नाही.

मी चष्मा लावला आणि हळूच वाचलं. ती म्हणाली, "मोठ्यानं वाचा की. माझ्या कानावर आलं पायजे."

खिडकी उघडी होती. बाकावर दोघं-तिघं बसलेले. खाली सायकलच्या दुकानात माणसं बोलत होती, त्यांतले एक आमच्या गल्लीतले. अनूला मधुमेह निघाल्यापासून सात वर्षांत घराबाहेर हा शब्द मी कधी काढला नव्हता. मग संघात टँकरवाल्यांना हाक मारायचो त्या आवाजात वाचलं. टाइप एक मधुमेह, इन्सुलिन. शुद्धीत असेन तर साखर द्या. नसेन तर दवाखान्यात न्या. आवाज खाली रस्त्यापर्यंत गेला असणार. बाकावरची एक बाई म्हणाली, माझ्या भाच्यालाबी हाय तसलंच. बाकी काही झालं नाही. आभाळ कोसळेल असं मी सात वर्षं धरून चाललो होतो.

क्रांतीने पाकिटावरची तारीख मला दाखवली, फोडलं, आणि पन्नास मिनिटांत काम संपवलं. अनूने एकदाही हात हलवला नाही. मधूनमधून माझ्याकडे बघत होती. अक्षरं ठसठशीत, मोकळी, लांबून वाचता येतील अशी. शाई काळसर निळी. वर पारदर्शक पट्टी लावली, काय करायचं, काय नाही, कधी डॉक्टरकडे पळायचं, ते कागदावर लिहून दिलं. शिवाय रोज एक फोटो पाठवायचा हुकूम.

मी तिला म्हणालो, बाई, तुमच्यासारखं काम मी पाहिलं नाही. ती मोजे काढत म्हणाली की दिव्याची दांडी तुम्ही धरलीत, साहेब. साहेब म्हणाली. पावणं म्हणाली नाही.

२१ मार्च, शुक्रवार

खपली धरून सुटली. लाली नाही, पाणी नाही. डॉक्टर अभिराम यांनी हात उलटापालटा करून बघितला आणि दुकानाचा पत्ता लिहून घेतला.

अक्काला पाडव्याला बोलावलं आहे.

३० मार्च, रविवार. पाडवा

गुढी उभारली, साखरेची माळ घातली, अक्का अकराच्या गाडीने आली. मी ठरवलं होतं, जेवणाआधी सांगायचं. पण अनूने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि अक्काची नजर हातावर गेली. तिने अनूचं मनगट धरलं, उजेडाकडे नेलं आणि एकेक अक्षर बोटाने लावत वाचलं. मधुमेह या शब्दाशी थांबली. साखर या शब्दाशी पुन्हा थांबली. मग माझ्याकडे बघितलं.

"आन् नवस?"

नवस नव्हता, अक्का, मी म्हणालो. लोकांना कळू नये म्हणून मी रचलेलं ते खोटं.

ती खाली बसली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "सरबताचा गिलास मी ह्या हातानं बाजूला केलता. माझ्या हातनं गेली असती की रे पोरगी."

मी म्हणालो, तुझ्या नाही, माझ्या. फोनचं सांगितलं. मामा मांडवात होते म्हणून तीन शब्द गिळले, तेही सांगितलं. सौ. स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. अनू अक्काच्या शेजारी जाऊन बसली. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचंही मला सुचत नव्हतं.

मग अक्काचं निघालं. दवाखान्यात सलाइनमधून साखर गेली, म्हणजे नवस मोडला, देव पोरीवर कोपणार, असं तिने धरलं होतं. म्हणून तो नवस तिने आपल्या अंगावर घेतला. हळदीच्या दिवसापासून आजपर्यंत गोडाचा कण नाही. नातीच्या लग्नातला लाडूसुद्धा नाही. ज्योतिबाला अनवाणी जायचं तेही त्यासाठीच. आणि मी इथे त्याच वहीत तिच्या जिभेवरच्या ताब्याचं कौतुक लिहिलं, शाळेत चार यत्ता गेलेली बाई असंही लिहिलं.

अक्काने आपला हात अनूच्या हाताशेजारी ठेवला. एकावर तीन ओळी, नव्या. दुसऱ्यावर दोन अक्षरं, साठ वर्षांची.

"तुजं नाव हितं घिऊन फिरतोय मी, बाळू. कुणाफुडं कवा झाकलं न्हाय. तू माझ्यापासनं झाकलंस."

मी तिच्या पायांपाशी बसून राहिलो. गुढीच्या माळेकडे बघत तिने अनूला विचारलं, पर्समध्ये साखर असते का? अनू म्हणाली, असते. अक्का उठली, माळेतलं एक पदक मोडलं आणि अनूच्या पर्समध्ये घातलं. आणखी एक मोडून पदराच्या गाठीला बांधलं. म्हणाली, हिथनं फुडं माझ्याजवळबी असणार.

मग मला म्हणाली, च्या टाक.

मी स्वतः टाकला. साखर घालून कप तिच्यापुढे धरला. तिने कप ओठाला लावला, एक घोट घेतला, डोळे मिटले. अडीच महिन्यांनी.

"आजून एक चमचा घाल," म्हणाली.